बाबांचा पिंजरा

नदीत उतरलो त्या पहिल्याच दिवशी मी नदी जिवंत असल्याचं जाहीर करून टाकलं, तेही एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या काठाला म्हशी धूत असलेला माणूस हात थांबवून माझ्याकडे बघायला लागला. गुडघाभर पाण्यात वाकून मी एक दगड उलटा केला होता आणि त्याच्या पोटाला, चिखलात, लालभडक अळ्या वळवळत होत्या. एकदोन नव्हे, मूठभर. आम्हाला सांगितलं होतं की दगडाखाली किडे सापडले की समजावं, नदीत अजून जीव आहे, मासा त्यांच्यावरच जगतो. मी तो दगड तसाच छातीशी धरून, शर्टाची वाट लावत, काठाकडे धावलो. "सर, जिवंत आहे! नुसती भरलीय!" काठावर छत्री उघडून बसलेल्या सरांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग दगडाकडे पाहिलं. "वा! आपण पदवी कुठून घेतलीत?" मी अभिमानानं कॉलेजचं नाव सांगितलं. "त्यांना कळवा," सर म्हणाले, "की या लाल अळ्या, जिथं दुसरं काहीही जगत नाही अशा पाण्यात सुखानं नांदतात. आपण आत्ता जो आनंद साजरा केलात, तो एखाद्याच्या घरी सुतक असताना पेढे वाटण्यापैकी आहे." शेजारी गुडघ्यावर पाटी धरून बसलेल्या शुभदानं मान वर न करता विचारलं, "सर, नुसतं 'लाल अळ्या, भरपूर' लिहू, की 'लाल अळ्या भरपूर आणि दिनकर आनंदी' असं लिहू?"

ही शुभदा पुढं माझी बायको झाली. तेव्हा ती मला 'ए दिनकर' म्हणायची, लग्नानंतर 'अहो' म्हणायला लागली. आदर मात्र उलट्या दिशेनं गेला. पण ते असो. तो सगळा खटाटोप कशासाठी होता ते सांगायला हवं. आमच्या सरांची एक लहानशी संस्था होती, म्हणजे सर, त्यांची स्कूटर आणि आम्ही दोघं. पुण्याच्या नद्यांमध्ये पूर्वी महाशीर नावाचा मासा मुबलक असायचा. सोनेरी झाक, तळहाताएवढाले खवले, आणि वाढला की माणसाच्या मांडीएवढा. शहराच्या पट्ट्यातून तो कधीच नाहीसा झाला होता. वर घाटातल्या एका मत्स्यकेंद्रात त्याची पिल्लं वाढवत होते. बोटाएवढी होतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणायचं. ती आणून पुन्हा आपल्या नदीत सोडावीत, असं सरांचं स्वप्न होतं. पण माणूस सावध. "पाहुण्यांना आमंत्रण देण्याआधी घर राहण्याजोगं आहे का बघायला नको?" असं ते म्हणत. म्हणून धरणापासून खाली शहराच्या पार टोकापर्यंत आम्ही नदीचा एकेक तुकडा तपासत निघालो होतो. तळाशी खडी आहे की गाळ, काठाला झाडांची सावली आहे का, डोह खोल आहे का, पाणी वाहतं की नुसतंच पडून असतं, दगडाखाली कोण राहतं, पाण्यात प्राणवायू किती. सगळ्याला गुण द्यायचे. जो तुकडा पास होईल तिथं जाळीच्या पिंजऱ्यात थोडी बोटुकली ठेवायची. ती जगली तर पुढच्या पावसाळ्यानंतर तिथं मोकळे मासे सोडायचे. आणि त्या तुकड्यांमधला एक, खडकीचा, आमच्या घराच्या अगदी मागे होता.

घर म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्याची क्वार्टर. बाबा कारखान्यात होते. सकाळी भोंगा झाला की भिंतीवरची भांडी थरथरायची. पाहुणे दचकायचे आणि आम्हाला मात्र तो वाजला नाही तर जाग यायची. दोन खोल्या, मागं न्हाणी, न्हाणीच्या मागं तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे उतारावरून खाली मुळा नदी. आम्ही भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे ढीवर. आजोबा, पणजोबा, सगळे डोंग्यात बसून जाळं टाकणारे. बाबा तेवढे नोकरीसाठी इकडे आले. गावाहून वर्षाचा तांदूळ पोत्यानं यायचा आणि त्याबरोबर आईचा खजिना यायचा: जवस, आंबाडीची वाळवलेली पानं, आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले सुके झिंगे. झिंगे भाजायला घेतले की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी वाटी घेऊन मागायलाही यायच्या. आई भल्या सकाळी भात टाकायची. भात, झिंग्याचं कालवण आणि जवसाची चटणी पोटात गेल्याशिवाय ती कुणालाही उंबरा ओलांडू देत नसे. "नदी काई पळून नाई जात. खाऊन जाय," एवढंच तिचं म्हणणं. सरांकडे वेगळी तऱ्हा: त्यांची पूजा, मग वर्तमानपत्र. शुभदा पेठेतून दोन बस बदलून यायची. या सगळ्याचा हिशेब असा व्हायचा की आम्ही तिघं नदीवर पोचायचो अकराच्या सुमाराला. रोज. त्या वेळी ऊन छान पडलेलं असायचं आणि पाणी हिरवंगार चमकत असायचं. या अकरा वाजण्याकडे तेव्हा आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

बाबांबद्दल सांगायचं तर ते मासेमारी सोडून शहरात आले, पण मासेमारीनं त्यांना सोडलं नव्हतं. नव्या नवलाईच्या दिवसांत दर रविवारी गळ घेऊन ते मुळेवर बसायचे आणि दुपारी ओल्या पिशवीतून काहीतरी फडफडणारं घेऊन यायचे, असं आई सांगते. मला आठवतं ते मात्र शेवटचं. मी शाळेत असताना एका रविवारी आईनं कालवण चुलीवर ठेवलं आणि शिजणाऱ्या माशातूनच घरभर रॉकेलचा वास सुटला. आईनं पातेलं तसंच उचलून मागच्या अंगणात ओतलं. मांजर आलं, हुंगलं आणि निघून गेलं. बाबांनी गळ दाराआड खुंटीला अडकवला तो कायमचा. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, कारण त्यांच्या मते ही नदी तात्पुरती होती. निवृत्त झालं की गावी जायचं, डोंगा दुरुस्त करायचा, आणि उरलेलं आयुष्य वैनगंगेत काढायचं हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की भिंतीला रंग देतानासुद्धा बाबा म्हणायचे, "कायले? आपल्याले थोडीच इथं रायचं हाये."

आणि मग गावाहून काका आले आणि सांगून गेले की खाली मोठं धरण बांधतायत, आपलं गाव त्याच्या पाण्यात जाणार. घरं गेली तर बांधता येतात, पण जी वाहती नदी बाबांना पाठ होती, तिचे खडक, तिच्या धारा, कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठल्या वळणाला येतो ते सगळं, तीच एका मोठ्या साचलेल्या पाण्याखाली जाणार होती. त्या रात्री बाबा जेवले, ताट स्वतः धुतलं, आणि मागच्या दारात जाऊन बराच वेळ उभे राहिले. काय बघत होते कुणास ठाऊक, अंधारात कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. मग आत येऊन मला म्हणाले, "तुमचा तो मास्तर म्हंते, इथल्या नदीत मासोळ्या सोडनार?" मी म्हटलं, पास झाली तर सोडणार. "मंग आता हेच नदी," ते म्हणाले, आणि पंखा बंद करून झोपले. उन्हाळ्यात.

त्या दिवसापासून खडकीचा तुकडा पास होणं ही आमच्या घरची बाब झाली. मी संध्याकाळी दमून आलो की बाबा विचारायचे, "किती गुन भेटले?" जणू माझीच परीक्षा होती. सावलीचे गुण बरे आहेत, म्हटलं तर मान हलवायचे. गाळ फार आहे, म्हटलं तर म्हणायचे, "पान्याचा लोंढा आला का जाते गाळ." सुदैवानं, म्हणजे तेव्हा आम्हाला सुदैव वाटलं, प्राणवायूनं आम्हाला तारलं. तो मोजायची पद्धत साधी होती. बाटलीत नदीचं पाणी भरायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. अकरा वाजता भरलेली आमची बाटली चांगली दाट तपकिरी निघायची, काढ्यासारखी. सर बाटली उन्हात धरून म्हणायचे, "आश्चर्य आहे. एवढ्या घाणीत हिला हे सुचतं कुठून?" एकूण गुणांत खडकीचा तुकडा कसाबसा पास झाला. मी ती बातमी घरी नेली तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली आणि बाबांनी दाराआडचा गळ काढून त्यावरचं जळमट पुसलं. मग पुन्हा होता तिथंच ठेवला. घाई नको म्हणाले.

पिंजरा बाबांनी केला. सरांनी बाजारातून तयार आणायचा म्हटलं होतं, पण बाबांनी त्यांच्यासमोर उभं राहून, हात जोडून, पण अगदी ठामपणे सांगितलं, की जाळं आमच्या घरात विणतात. बांबूची चौकट, तिच्यावर इतकी बारीक वीण की बोटुकली काय, बोटुकलीचा विचारही बाहेर पडू नये. बोटुकली घाटातून प्लास्टिकच्या फुगीर पिशव्यांतून आली. बोटाएवढी, चपळ, पाठीवर सोन्याच्या अंगठीसारखी झाक. बाबांनी आधी पिशव्या तशाच नदीच्या पाण्यात तरंगत ठेवल्या, "त्याईले अंदाज येऊ द्या," म्हणाले. मग तोंड सोडून ती हलकेच पिंजऱ्यात ओतली. आईनं पाण्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर भात टाकला. सर शास्त्राचे माणूस, पण तेवढं त्यांनी बघितलं नाही असं केलं. शुभदानं मात्र नोंदीत 'भात, एक मूठ' असं लिहिलं, कारण परीक्षेत काय काय गेलं ते लिहायलाच हवं असं तिचं मत होतं. तेव्हाच मला तिच्याबद्दल काहीतरी वाटायला लागलं असावं, किंवा भीती असेल. त्या वयात फरक कळत नाही.

आणि बोटुकली जगली! पास झालेल्या इतर दोन तुकड्यांपैकी वरच्यातल्या पिंजऱ्यात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेली, खालच्या तुकड्यात पहिल्याच रात्री. खडकीत मात्र रोज अकरा वाजता आम्ही पिंजरा वर उचलायचो आणि आत चमचम, सगळी ठणठणीत. बाबांनी रजा काढली होती, कारखान्यात काय कारण दिलं देव जाणे. दिवसभर काठावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पिंजरा दाखवायचे. क्वार्टरमधली माणसं संध्याकाळी फिरायला उलट दिशेला जायची ती नदीकडे यायला लागली, नाकाला रुमाल लावून का होईना. घरी आई रोज काहीतरी विशेष करायची. एक दिवस तिनं तांदळाच्या भाकरी केल्या, बाबांनी माझ्या ताटात स्वतःची अर्धी टाकली आणि म्हणाले, "डोंगा इथंच बांधू. लाकूड पाहून ठेवलं मी." तसे ते मोजकं बोलणारे. त्या आठवड्यात जेवढं बोलले तेवढं ते पुढच्या कुठल्याही वर्षात बोलले नसतील. आज लिहिताना वाटतं, तो आठवडा तिथंच अडकवून ठेवता आला असता तर बरं झालं असतं. पण लिहिणाऱ्याच्या हातात तेवढं नसतं.

शुभदाला मात्र ते पटत नव्हतं. "वर मेली, खाली मेली, मध्येच कशी जगतात? नदीनं काय खडकीसाठी वेगळा नळ घेतलाय?" सरही विचारात होते. शेवटी तीच म्हणाली, "आपण रोज अकराला येतो. हे पाणी हिरवं आहे ते शेवाळानं. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच खातं. अकराला बाटली तपकिरीच येणार. पहाटे काय दिसतं ते कुणी पाहिलंय?" सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं. शुभदा त्या रात्री खडकीतच तिच्या मावशीकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी, भोंगा व्हायच्या आधी, आम्ही दोघं बाटल्या घेऊन उतारावरून खाली गेलो.

आधी आवाज आला. थप, थप, मग पाणी ओतल्यासारखा, पुन्हा थप, थप. कुणी इतक्या पहाटे धुणं धुतंय असं मला वाटलं. मग उजाडायला लागलं आणि दिसलं: बाबा छातीभर पाण्यात उभे होते, पिंजऱ्याला लागून. एका हातात लाकडी फळी, दुसऱ्या हातात आमची न्हाणीतली बादली. फळीनं पाणी बडवायचे, बादली भरून डोक्याच्या वर उचलून धार सोडायचे, पुन्हा बडवायचे. पिंजऱ्यात बोटुकली तोंडं वर काढून धापा टाकत होती, आणि जिथं धार पडत होती तिथं ती सगळी गोळा झाली होती. बाबांचा श्वास मला काठावर ऐकू येत होता.

"बाबा, काय करताय?"

"दम देऊन रायलो त्याईले," बाबा न थांबता म्हणाले. "उन्हाळ्यात आमच्या बोडीतलं पानी उतरलं का पाहटे मासोळ्या अशाच तोंड वर काढतेत. मंग बडवाव लागते, सूर्य निघेपर्यंत. माहा बाप बडवे, मीबी बडवो."

बोडी म्हणजे गावाकडचं लहानसं तळं. "तुम्ही रोज येता?" मी विचारलं.

"मंग? मासोळीले काई इतवार रायते का?"

आईला वाटत होतं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहाटे फिरायला जातात. ओलं धोतर दोरीवर बघून तिनं समजूत करून घेतली होती की काहीतरी नवस बोललेत, विचारू नये. बाबांच्या लेखी यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, इतकंच. मासा जगवायचा तर हे करायचं असतं. परीक्षेचा त्याच्याशी काय संबंध? शुभदानं प्रवाहातून बाटली भरली आणि थेंब टाकले. तळाशी साका बसला तो पांढराशुभ्र, दुधासारखा. तिनं ती बाटली मला दाखवली, बाबांना दाखवली नाही.

सूर्य वर आला, बाबा काठावर येऊन बसले. शुभदानं तिचा टॉवेल त्यांना दिला आणि शेजारी बसली.

"काका," ती म्हणाली, "पिंजऱ्यापुरतं तुम्ही कराल. पण सोडल्यावर मासे नदीभर जाणार. मग?"

"मानसं लावू."

"कुठली?"

बाबांनी पलीकडे पाहिलं. पुलावरून सकाळच्या पाळीच्या सायकली, बस, ट्रक जात होते. "एवढं मोठं शहर हाये, पोरी," ते म्हणाले. "पाहटे उठाले दहा मानसं नाई भेटत?"

शुभदानं बाटल्या पिशवीत भरल्या.

तिनं सरांना सांगितलं, सांगायलाच हवं होतं. सर म्हणाले, की एक पहाट पिंजरा आपला आपण राहिला पाहिजे. बाबांनी तिथं यायचं नाही. हे त्यांना कोण सांगणार यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अर्थातच शुभदा आमच्या घरी आली. मी चहाचे कप आणण्याची मोठी कामगिरी पार पाडली. ती स्वैपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, उद्या तुम्ही येऊ नका. ही परीक्षा न घेताच मासे नदीत सोडले तर शेकडो मरतील, आणि तेही तुम्ही बघणार नाही अशा ठिकाणी." बाबांनी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. आईला म्हणाले, "उद्या मले उठवू नको." आईनं त्या संध्याकाळी भात टाकला, पण झिंगे काढले नाहीत.

पहाटे मी उठलो तेव्हा बाबा खाटेवर बसलेले होते. कुणी उठवलं नव्हतंच, ते झोपलेच नव्हते. मी चपला घालून निघालो. खाली सर स्कूटर ढकलत येत होते. शुभदा मावशीकडून आमच्या आधीच पोचली होती. दगडावर बसून ओढणी पिळत होती. पाय घसरला म्हणाली. अशाही वेळी मला जरा बरं वाटलं, कारण नदीत पडण्याचा मान तोपर्यंत एकट्या माझ्याकडे होता. आम्ही पिंजरा वर उचलला. एकही हलत नव्हतं. पोटं वर, तोंडं उघडी, पाठीवरची झाक तशीच. सरांनी छत्री उघडली, ऊन नव्हतं तरी. शुभदानं एकेक बोटुकली हातानं बाहेर काढून मोजली आणि नोंदीत लिहिलं. खडकीचा तुकडा: अयोग्य. मी वर घरी गेलो. बाबा तसेच खाटेवर.

"किती वाचल्या?"

"एकही नाही, बाबा."

त्यांनी हातांकडे पाहिलं. फळीनं तळव्यांना फोड आले होते. "मी असतो तं वाचल्या असत्या," ते म्हणाले. भोंगा झाला, भांडी थरथरली, आणि बाबा डबा घेऊन कामावर गेले. रजेचे दिवस शिल्लक होते तरी.

त्यानंतर काय? त्यानंतर काही नाही. हिरवं पाणी आणखी हिरवं झालं, मग त्याच्यावर जलपर्णी पसरली आणि हिरवं पाणीही दिसेनासं झालं. गाव धरणात गेलं. सरांनी तो अहवाल ज्यांना ज्यांना दिला त्यांनी तो घेतला, चहा पाजला. सर गेले. मी शाळेत शास्त्र शिकवायला लागलो. सातवीच्या मुलांना प्राणवायूचं महत्त्व सांगून घर चालवलं. धायरीला फ्लॅट घेतला. अलीकडे नदीकाठी फिरायला फरसबंदी, बाकं, दिवे असं काय काय होऊ घातलंय. परवा पुलावरून जाताना मी खिडकीतून पाहिलं, काठ फार देखणा झालाय. पाण्याचा वास आला तेव्हा बसमधल्या सगळ्यांनी एकदम काचा लावल्या. कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

शुभदाशी लग्न झालं त्याला घरून विरोध झाला नाही. बाबा तिला कधी वावगं बोलले नाहीत. पण जातपात, पेठ, शाकाहार सगळं ओलांडून ती आईकडून मासे साफ करायला शिकली, आंबाडीतलं झिंग्याचं कालवण तर आईपेक्षा चांगलं करायला लागली, आणि बाबांनी तिच्या हातची मासोळी कधी खाल्ली नाही. "काटे लागतेत आता," म्हणायचे. ज्या माणसाला जिभेनं काटा वेगळा करताना मी लहानपणापासून बघत आलो, तो! कुणी पाहुणे आले आणि नदीचा विषय निघाला की बाबा ती सगळी हकीकत सांगायचे, आणि शेवटी, सून चहाचा ट्रे घेऊन उभी असली तरी, "मी असतो तं वाचल्या असत्या," एवढं म्हणायचेच. शुभदा ट्रे ठेवायची आणि आत जायची. एकदा मी तिला म्हटलं, तू काहीतरी बोल ना. "काय बोलू?" ती म्हणाली. "खरंच वाचल्या असत्या."

बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी वैनगंगेत सोडायला आम्ही दोघं भंडाऱ्याकडे गेलो. काकांच्या मुलानं धरणाच्या पाण्यात नाव नेली आणि एका जागी थांबवून म्हणाला, "आपलं घर इथं खाली हाये." सपाट, निवांत पाणी, कुठल्याच बाजूला जात नसलेलं. तिथंच सोडल्या. घरी आल्यावर शुभदानं चहा टाकला, दोन कप भरले, माझ्यासमोर बसली, आणि बाहेरच्या इमारतींकडे बघत म्हणाली:

"त्या दिवशी माझा पाय नव्हता घसरला. मी तुमच्या खूप आधी आले होते. पाण्यात उतरून बडवत होते, उजाडेपर्यंत, फळीनं, अगदी ते करायचे तसं. तरी माझ्या डोळ्यांसमोर एकेक मासोळी उलटी पडली. बाबांना सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की ते असते तरी त्या दिवशी वाचल्या नसत्या. त्यापेक्षा माझ्यावर राग असलेला बरा होता हो."